शिक्का कोणत्या गावचा?

साल बहुधा १९७८ असावे. आम्ही त्या वेळी चौथीत होतो. श्रावणातल्या एका दुपारी पोस्टमनने आमच्या ओसरीवर एक पोस्टकार्ड टाकले आणि घराचे स्वास्थ्य दोन दिवस हरपले. कार्डावर पाठवणाऱ्याचे नाव नव्हते, गाव नव्हते, खुशालीचा शब्द नव्हता. देवीच्या नावाने आरंभ करून लिहिणाऱ्याने एवढेच कळवले होते की, हे पत्र ज्याच्या हाती पडेल त्याने असाच मजकूर आणखी एकवीस जणांस लिहून पाठवावा. जो पाठवील त्यास धनलाभ होईल, आणि जो हेळसांड करील त्याच्या घरी आठ दिवसांत अशुभ घडेल. कोणी एकाने म्हणे पत्र फाडले, तर त्याचा मुलगा दगावला. दुसऱ्याने दुर्लक्ष केले, तर त्याच्या धंद्यात खोट आली. आमच्या वयाच्या वाचकांना अशी पत्रे खचित आठवत असतील. मग ते वाचक इंदूरचे असोत, बडोद्याचे असोत की हैदराबादचे.

आजीचा जीव थाऱ्यावर राहिला नाही. घरात अक्षर बरे असलेला मी एकटा, म्हणजे वाचकांशी बोलताना 'आम्ही' म्हणणारा हा तुमचा लेखकच. तेव्हा एकवीस कार्डे लिहिण्याचे काम ओघानेच आमच्याकडे आले. सहा कार्डे लिहून झाली असतील-नसतील, तोच वडील शाळेतून घरी आले. त्यांनी मूळ पत्र हातात घेतले, मजकूर वाचला नाही, उलटे केले आणि डोळ्यांजवळ धरून टपालाचा शिक्का पाहिला. "आई, हा शिक्का आपल्याच गावचा आहे, आणि कालचाच आहे," ते म्हणाले. मग अक्षर पाहिले. अक्षर ओळखीचे निघाले. आजीच्याच भजनी मंडळातल्या, वरच्या गल्लीत राहणाऱ्या एका काकूंचे ते होते. त्यांनाही असेच एक पत्र आले होते आणि घाबरून त्यांनी एकवीस ओळखीच्या घरी ते धाडले होते.

आजी त्या संध्याकाळी वरच्या गल्लीत गेली. भांडली नाही. "अगं, तू भ्यालीस ती भ्यालीस, मलाही भ्यायला लावलंस होय?" एवढेच म्हणाली, आणि दोघी खूप वेळ हसत बसल्या. पत्र तेच होते, मजकूर तोच होता. परंतु त्याला गाव मिळाले, तारीख मिळाली, एक घाबरलेला चेहरा मिळाला आणि त्यातले भय निघून गेले.

चाळीस-पंचेचाळीस वर्षांपूर्वीची ही गोष्ट आज सांगण्याचे कारण असे की, गेल्या पावसाळ्यात आमच्या शाळेतील सातवीचा एक विद्यार्थी मधल्या सुट्टीत कार्यालयाच्या दाराशी येऊन उभा राहिला. पोर तसे धीट. पण आठ दिवस झाले, जुन्या इमारतीच्या लांब ओसरीतून तो एकटा जात नाही अशी वर्गशिक्षिकांची तक्रार होती. बरेच आढेवेढे घेतल्यावर त्याने सांगितले की, आईच्या मोबाइलवर त्याने एक छायाचित्र पाहिले आहे आणि ते डोळ्यांपुढून हलत नाही. दुसऱ्या दिवशी आईला घेऊनच तो आला. आम्ही ते चित्र पाहिले आणि प्रामाणिकपणे सांगायचे तर आमच्याही अंगावर क्षणभर काटा आला.

चित्रात भूत नाही, प्रेत नाही, रक्त नाही. एक रिकामी खोली आहे. पिवळट भिंती, जमिनीवर मळकट गालिचा, छताला नळीदिव्यांचा फिकट उजेड. एका खोलीतून दुसरी, दुसरीतून तिसरी, कोठेही खिडकी नाही, सामान नाही, माणूस नाही. आंतरजालावर हे चित्र 'बॅकरूम्स' या नावाने जगप्रसिद्ध आहे. २०१९ च्या मे महिन्यात एका चर्चास्थळावर कोणा निनावी व्यक्तीने या चित्राखाली चार ओळी लिहिल्या. त्यांचा आशय असा की, चुकीच्या ठिकाणी पाय पडून तुम्ही वास्तवाच्या बाहेर घसरलात, तर येथे येऊन पडाल. साठ कोटी चौरस मैलांच्या या रिकाम्या खोल्यांत ओलसर गालिचाचा वास आणि दिव्यांची घरघर यांखेरीज काही नाही. आणि जवळपास काही हालचाल ऐकू आली, तर त्यानेही तुमची चाहूल घेतली आहे असे समजा. बस्स, एवढेच. त्यावर लोकांनी कथा रचल्या, खेळ तयार केले. २०२२ साली केन पार्सन्स नावाच्या अवघ्या सोळा वर्षांच्या अमेरिकन मुलाने त्यावर लघुचित्रपट काढले आणि ते कोट्यवधी लोकांनी पाहिले.

"सर, ही जागा खरी हाय काय?" त्या मुलाने विचारले.

वाचकहो, आम्हांस त्या क्षणी वडिलांची आठवण झाली. कारण मुलाने नकळत शिक्काच विचारला होता. आणि उत्तर असे की, जागा खरी आहे. कित्येक हौशी शोधक ती वर्षानुवर्षे धुंडाळत होते, आणि २०२४ च्या मे महिन्यात ती सापडली. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात ऑशकॉश नावाचे एक गाव आहे. तेथील एका इमारतीत पूर्वी फर्निचरचे दुकान होते. पुढे ती जागा खेळण्यांच्या व छंदसाहित्याच्या दुकानासाठी घेतली गेली. डागडुजी चालू असताना, २००२ च्या जून महिन्यात, कोणी तरी वरच्या मजल्याची छायाचित्रे काढली आणि २००३ साली दुकानाच्या संकेतस्थळावर 'काम असे चालू आहे' हे गिऱ्हाइकांना कळावे म्हणून ठेवून दिली. ते पान पुढे नाहीसे झाले. परंतु आंतरजालावरील जुनी पाने जतन करून ठेवणारे 'इंटरनेट आर्काइव्ह' नावाचे एक ग्रंथालय १९९६ पासून काम करीत आहे, त्याच्या दप्तरात त्याची नक्कल शिल्लक होती. आणि त्या भयंकर खोल्यांचे पुढे काय झाले? त्या मोडून तेथे दूरनियंत्रकावर चालणाऱ्या छोट्या मोटारींच्या शर्यतींचा मार्ग बांधण्यात आला!

हे सारे आम्ही त्या मुलास सांगितले. तो मोटारींच्या शर्यतीपाशी आला आणि त्याचा चेहरा असा काही फुलला की सांगता सोय नाही. "म्हणजे तिथं पोरं खेळत्यात?" त्याने विचारले. होय बाबा, पोरे खेळतात.

आंतरजालावर विलक्षण आणि मन अस्वस्थ करणाऱ्या अशा वस्तूंचा मोठा बाजार भरलेला आहे. त्यातल्या पुष्कळशा वस्तू मुळात भयंकर नसतात. त्या बेवारस असतात. रेल्वेच्या फलाटावर बेवारस पेटी दिसली की आपल्या छातीत धस्स होते. पेटीत कदाचित कोणाचे लोणच्याचे बरणीवजा सामान असेल. परंतु मालक नाही, म्हणूनच ती पेटी भीतिदायक. चित्राचे, ध्वनीचे आणि मजकुराचे तसेच आहे. छापील पुस्तकास मुखपृष्ठ असते, लेखकाचे नाव असते, मुद्रक-प्रकाशकाचा पत्ता असतो. मोबाइलच्या पडद्यावर मात्र वस्तू येते ती आपल्या आई-बापांपासून तुटून येते.

एक उदाहरण मौजेचे आहे. २०१३ च्या सप्टेंबरपासून यूट्यूबवर 'वेबड्रायव्हर टॉर्सो' अशा चमत्कारिक नावाने अकरा-अकरा सेकंदांच्या चित्रफिती येऊ लागल्या. प्रत्येकीत पांढऱ्या पडद्यावर एक तांबडा आणि एक निळा चौकोन जागा बदलीत राहतो, आणि दर बदलास एक निराळा सूर वाजतो. ना शब्द, ना खुलासा. अशा फिती दोन-चार नव्हेत, काही महिन्यांत ७० हजारांच्या वर गेल्या. जगभर तर्कांना ऊत आला. शीतयुद्धाच्या काळात गुप्तहेरांसाठी रेडिओवरून नुसते आकडे वाचून दाखवीत असत, त्यातलाच हा नवा प्रकार असावा, असे कोणी म्हणाले. कोणी परग्रहवासीयांपर्यंत पोहोचले. अखेर २०१४ साली यूट्यूबची मालक असलेल्या गूगल कंपनीनेच खुलासा केला की, चित्रफिती चढवताना त्यांची प्रत बिघडते की नाही हे तपासण्यासाठी आमच्याच यंत्रांनी चालवलेली ही चाचणी आहे. म्हणजे घरातल्या नळाला पाणी येते की नाही हे पाहण्यासाठी पालिकेचा माणूस तोटी उघडून बंद करतो, आणि शेजारी ते पाहून भुताटकी समजतात, त्यातलाच हा प्रकार.

दुसरे उदाहरण मौजेचे नव्हे, हृद्य आहे. १९८४ च्या सुमारास उत्तर जर्मनीतील एक तरुण रेडिओवरची आवडती गाणी कॅसेटवर उतरवून घेत असे. आमच्या पिढीतील अनेकांनी हा उद्योग केला आहे. निवेदकाचा आवाज फितीवर येऊ नये म्हणून बोट बटणावर ठेवून बसण्यातले कौशल्य आजच्या मुलांस कळायचे नाही! त्या नादात एका गाण्याचे आणि गायकांचे नाव नोंदायचे राहून गेले. पुढे २००७ साली त्याच्या बहिणीने त्या गाण्याचा तुकडा आंतरजालावर ठेवून विचारले की, हे कोणाचे? कोणासच ठाऊक नव्हते. २०१९ पासून तर हजारो लोक या शोधात उतरले आणि 'आंतरजालावरील सर्वांत गूढ गाणे' असे त्याचे नाव पडले. खिन्न चालीचे, धुरकट आवाजातले ते गाणे जणू परलोकातून आले आहे, अशी त्याची ख्याती झाली. २०२४ च्या नोव्हेंबरात उलगडा झाला. जुन्या वर्तमानपत्रांतून संगीतस्पर्धांच्या बातम्या चाळता चाळता एका शोधकाच्या हाती धागा लागला. कील या बंदराच्या गावी 'फेक्स' नावाचे एक हौशी वाद्यवृंदपथक होते, त्याचे हे गाणे. नाव 'सबवेज ऑफ युवर माइंड'. पथकातील मंडळी आता वृद्धत्वाकडे झुकली होती. आपल्या तारुण्यातले एक गाणे सारे जग इतकी वर्षे शोधीत आहे, याची त्यांना गंधवार्ताही नव्हती.

या शोधात चाळीस वर्षांपूर्वीचे वर्तमानपत्र कामास आले, ही गोष्ट आम्हांस फार मोलाची वाटते. यंत्राने जे बेवारस केले, त्याला वारस मिळवून दिला तो कोणा बातमीदाराच्या चार ओळींनी आणि त्या ओळी सांभाळून ठेवणाऱ्या ग्रंथालयाने.

येथवर वाचून कोणास वाटेल की, मुख्याध्यापक महाशय मोठे सावध गृहस्थ दिसतात. तसे नाही. आता जे सांगायचे आहे ते सांगताना आम्हांस संकोच वाटतो, आणि म्हणूनच सांगणे प्राप्त आहे.

२०१८ च्या पावसाळ्याची अखेर होती. पालकांच्या एका व्हॉट्सॲप समूहातून आमच्या मोबाइलवर एक इशारा आला. सोबत एक चित्र होते. बाहेर आलेले वाटोळे डोळे, कानापर्यंत फाटलेले तोंड, चिकट केस, आणि मानेखाली पक्ष्याचे पाय. मजकूर असा की, 'मोमो' नावाचा हा राक्षसी खेळ मुलांच्या मोबाइलमध्ये शिरतो, त्यांना एकेक आज्ञा देतो आणि शेवटी जिवाचे बरे-वाईट करून घ्यायला लावतो. सर्व शाळांनी मुलांस तातडीने सावध करावे. खाली कोणाचीही सही नव्हती. परंतु 'सर्व शाळांनी' हे शब्द वाचले आणि आमच्यातला कर्तव्यदक्ष मुख्याध्यापक जागा झाला. दुसऱ्या दिवशी प्रार्थना आटोपल्यावर आम्ही व्यासपीठावर उभे राहून पहिली ते सातवीच्या साऱ्या मुलांसमोर तो इशारा वाचून दाखवला. एवढ्यावर न थांबता त्या चेहऱ्याचे वर्णनही केले, कारण मुलांना ओळखता यायला हवे!

त्या सकाळपर्यंत आमच्या शाळेतील शंभरातल्या एकाही मुलाने ते नाव ऐकले नसावे. दुपारपर्यंत ते शौचालयाच्या भिंतीवर कोळशाने काढलेले होते. पाचवीतील एक मुलगी संध्याकाळी परसात कपडे काढायला जाईना. रात्री आईचा पदर धरून झोपू लागली. तिची आई शाळेत आली. बाई शेतमजुरी करणारी. घरात साधा बटणांचा मोबाइल. ती हात जोडून म्हणाली, "सर, आमच्यात असला मोबाइल बी न्हाई. मग ते आमच्या घरात कसं यील?" आम्ही काय उत्तर देणार? ते तिच्या घरात मोबाइलमधून गेलेच नव्हते. आमच्या तोंडून गेले होते.

पुढे त्या चित्राचाही शिक्का सापडला. केइसुके आइसो नावाच्या जपानी कलावंताने चित्रपटांसाठी विचित्र आकृती बनवणाऱ्या आपल्या संस्थेत ही मूर्ती घडवली होती आणि २०१६ साली टोकियोच्या एका कलादालनात ती मांडण्यात आली होती. बाळंतपणात मृत्यू आलेल्या स्त्रीचे भूत जपानी लोककथांत आहे, त्यावरून ती कल्पना सुचली होती. आपल्याकडे कोकणात अळवंतीण म्हणतात तिचीच ही जपानी बहीण म्हणा ना. कोणा भलत्याने दालनातील मूर्तीचे छायाचित्र उचलले आणि त्यास ही कहाणी चिकटवली. २०१९ च्या फेब्रुवारीत ब्रिटनमध्येही असाच गहजब झाला. तेव्हा तेथील मुलांच्या सुरक्षिततेसाठी काम करणाऱ्या संस्थांनी स्पष्ट सांगितले की, या 'खेळा'मुळे कोणास इजा झाल्याचा पुरावा नाही; मुलांना त्रास होतो आहे तो मोठ्यांनी फिरवलेल्या इशाऱ्यांचा. आणि ती मूर्ती? रबर आणि तेल यांपासून बनवलेली ती मूर्ती केव्हाच सडून गेली होती आणि कलावंताने ती २०१८ सालीच टाकून दिली होती. म्हणजे आम्ही व्यासपीठावरून ज्या राक्षसिणीचे वर्णन करीत होतो, ती कचऱ्याच्या वाटेला लागलेली एक बाहुली होती.

मार्चमध्ये वार्षिक परीक्षेपूर्वी आम्ही पुन्हा त्याच व्यासपीठावर उभे राहिलो आणि हे सारे मुलांना सांगितले. मुले हसली. ती पाचवीतील मुलगी मात्र हसली नाही. रांगेतूनच तिने हात वर केला आणि विचारले, "मग सर, तवा तुम्ही आम्हांला कशाला सांगितलासा?"

तीस वर्षांच्या नोकरीत विद्यार्थ्याने विचारलेला याहून अवघड प्रश्न आम्हांस आठवत नाही. उत्तर मात्र एकच होते, आणि ते आम्ही दिले. "बाळ, आम्ही भ्यालो होतो." वरच्या गल्लीतल्या काकूंनी एकवीस पत्रे धाडली होती, आम्ही एका सकाळी शंभर घरी धाडली.

हा अपराध आम्हांस अधिक लागतो तो आणखी एका कारणाने. त्याच पावसाळ्याच्या आरंभी, १ जुलै २०१८ रोजी, धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात रायनपाडा येथे जे घडले ते आम्ही वर्तमानपत्रात वाचले होते, आणि वाचून जेवणाचे ताट दूर सारले होते. मुले पळवणाऱ्या टोळ्या फिरत आहेत, अशा अफवांनी तेव्हा देशात थैमान घातले होते. रायनपाड्यास त्या रविवारी आठवड्याचा बाजार होता. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच भिक्षेकरी तेथे आले होते. बहुतेक सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढ्याकडचे. पिढ्यान्पिढ्या दारोदार फिरून पोट भरणारी ही माणसे. जमावाने त्यांना मुले पळवणारे ठरवले, ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडले आणि जिवे मारले.

त्या काळात ठिकठिकाणी फिरत असलेल्या चित्रफितींपैकी एक फार गाजली होती. रस्त्यावर खेळणाऱ्या मुलाला मोटारसायकलवरचे दोघे जण उचलून नेतात, एवढेच तीत दिसे. पाहणाऱ्याचे काळीज हलावे अशीच ती होती. तिचाही शिक्का पुढे सापडला. ती कराचीत तयार झालेली होती. हरवलेल्या मुलांसाठी काम करणाऱ्या तेथील एका संस्थेने पालकांना सावध करण्यासाठी २०१६ साली ती काढली होती. मूळ फितीत ते दोघे लगेच मागे वळतात, मुलाला सुखरूप जागेवर ठेवतात आणि एक फलक उघडून दाखवतात की, मूल पळवणे इतके सोपे असते, तेव्हा लक्ष ठेवा. कोणी तरी शेवटचे तेवढे क्षण कापले. मुलाला परत आणून ठेवणारा हात कापला गेला आणि उरला तो उचलून नेणारा हात.

२०१८ च्या जुलैत व्हॉट्सॲप कंपनीने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. एकवीसवरून पाचावर आलो, हेही नसे थोडके. पण त्या पाच गोसाव्यांच्या बायकामुलांना त्याचा काय उपयोग?

आमच्यासारख्या, महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्पिढ्या राहिलेल्या मराठी माणसांनी या गोष्टीचा थोडा अधिक विचार करावा असे आम्हांस वाटते. आपले पूर्वज केव्हा तरी परक्या गावात परके म्हणूनच आले. त्यांची भाषा निराळी, पगडी निराळी, सणवार निराळे. कोणी तरी त्यांना 'कोठले तुम्ही?' असे विचारले, उत्तर ऐकून घेतले आणि बसायला पाट दिला, म्हणून आज आपण येथे आहोत. 'कोठले तुम्ही?' हा प्रश्न म्हणजे माणसाचा शिक्का पाहणेच होय. रायनपाड्यात तो प्रश्न विचारला गेला की नाही हा मुद्दाच नव्हे; त्याचे उत्तर ऐकून घेण्याइतका वेळ तेथे कोणाला नव्हता.

आता, सगळ्याच गूढांना उत्तर मिळते असे आमचे म्हणणे नाही. २०१२ च्या जानेवारीत 'सिकेडा ३३०१' या नावाने कोणी तरी आंतरजालावर एक कूटप्रश्न टाकला. बुद्धिमान माणसे हवी आहेत, एवढाच त्याचा खुलासा. एका चित्रात दडलेल्या संदेशातून दुसरा, दुसऱ्यातून तिसरा, असे करीत शोधक जगातील निरनिराळ्या शहरांतील खांबांवर चिकटवलेल्या कागदांपर्यंत पोहोचले. पुढील दोन वर्षे पुन्हा असेच झाले. तिसऱ्या वेळी प्राचीन लिपीतले एक पुस्तकच पुढे आले, आणि त्याची बहुतेक पाने अद्याप कोणालाही उलगडलेली नाहीत. हा खटाटोप कोणी केला आणि कशासाठी, हे कोडे आजही सुटलेले नाही.

पण यातला एक बारकावा पाहण्यासारखा आहे. आपले नाव लपवणारी ही मंडळी प्रत्येक संदेशाखाली न चुकता एक सांकेतिक सही करीत. अशी सही की जिची नक्कल दुसऱ्यास करता येऊ नये आणि खरी-खोटी कोणालाही पडताळता यावी. २०१७ साली त्यांचा म्हणून जो संदेश आला, त्याचा मथितार्थ इतकाच होता की, खोट्या वाटांना भुलू नका आणि सही पडताळल्याशिवाय काही आमचे मानू नका. जगातले सर्वांत गूढ म्हणवणारे लोकसुद्धा शेवटी सांगतात काय, तर शिक्का पाहा! भ्यायला लावण्यासाठी निनावीपणा पांघरणे वेगळे आणि कोडे घालणे वेगळे. कोडे घालणाऱ्याला आपण शोधावे असे वाटत असते. भय घालणाऱ्याला आपण शोधू नये असे वाटत असते.

आमच्या शाळेत पाण्याच्या टाकीजवळ आता एक लहानसा फळा टांगलेला आहे. त्यावर शिक्षकांपैकी कोणी नव्हे, तर सातवीची मुले स्वतः चार प्रश्न रंगवून ठेवतात. हे कोणी केले? केव्हा केले? कोठे केले? आणि आधी-नंतरचे काय कापले आहे? मोबाइलवर काही विचित्र दिसले, की मुले त्याची हकिकत एका वहीत लिहितात आणि शनिवारी शेवटच्या तासाला आम्ही मिळून शिक्का शोधतो. कधी सापडतो, कधी सापडत नाही. सापडला नाही, तर वस्तू वहीतच राहते, पुढे जात नाही, एवढा एकच नियम आहे.

तो पिवळ्या खोलीचा मुलगा आता या वहीचा कारभारी आहे. परवा त्याने एक वस्तू स्वतःहून आणली. घरात सापडलेले, कोपरा कुरतडलेले, शाई उडालेले एक पोस्टकार्ड. पणजीच्या ट्रंकेत होते म्हणे. मजकुरात देवीचे नाव तेवढे वाचता येत होते. त्याने ते आमच्यापुढे धरले, मग उलटे केले आणि खिडकीच्या उजेडाकडे नेले.

"सर," तो म्हणाला, "शिक्का पुसलाय. पण गाव आपलंच वाटतंय."